बसचे वय कुणाला विचारायचे?

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
आणि कोल्हापूर म्युनिसिपल ट्रान्सपोर्टचे (केएमटी) व्यवस्थापन



दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते, तेव्हा तिचे वय कुणी विचारत नाही. १९३०च्या दशकातली ती मोटार. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे आपट्याची पाने मुठीत धरून तिच्याकडे टक लावतात, मागचे लोक टाचा उंचावतात आणि गाडी आपल्या संथ चालीने शामियान्याकडे जाते. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते आणि रोजच्या वापराला मनाई असते. जुनी गाडी जगवायची तर तिला राबवायचे नाही, हे सरकारलाही कळलेले आहे.

त्याच चौकातून केएमटीची बसही जाते. तिच्याकडे कुणी टक लावत नाही. लोक पाटी बघतात, दाराशी गर्दी किती ते बघतात आणि चढतात. खंडेनवमीला तिच्या कपाळावर झेंडूचा हार येतो, बाकीचे दिवस खड्डे, गतिरोधक आणि महाद्वार रोडची गर्दी. ती थकली हे कुणी ठरवायचे, कशावरून आणि कधी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सरकारी उत्तर तयार आहे : १५ वर्षे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, १५ वर्षे उलटलेल्या वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. केंद्र, राज्य, महापालिका, एसटीसारखी महामंडळे, सगळी त्यात आली. लष्कराची आणि कायदा-सुव्यवस्थेची खास वाहने तेवढी सुटली. खासगी माणसाला मात्र सवलत आहे. त्याची मोटार १५ वर्षांनंतरही तपासणीत उतरली, पर्यावरण कर भरला, फेरनोंदणीचे शुल्क मोजले की पुढे चालते. मोटारीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले आणि दुचाकीचे ३०० वरून १,००० वर. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना तर २०२५ मध्ये ते दुप्पट झाले. म्हणजे ‘ठेवायची तर ठेवा, पण जड जाईल अशी ठेवा’ असा एकूण रोख.

मुंबईचे बघा. बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली आणि पंधरा वर्षे भरली म्हणून निवृत्त झाली. त्यानंतर दीड महिनाही गेला नाही तोच प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवट झाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला आणि टॅक्सीची मुदत वीस वर्षांची. एकाच शहरात, त्याच खड्ड्यांतून, त्याच खाऱ्या हवेत फिरणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला पंधरा आणि दुसरीला वीस. लोकांनी दोघींबरोबर छायाचित्रे काढून घेतली. त्यांच्या पत्र्याची, इंजिनाची, ब्रेकची अवस्था काय होती याची चौकशी त्या गहिवरात फारशी कुणी केली नाही.

तारखेचा एक गुण मान्य करायला हवा. ती वाद घालत नाही, ओळखीपाळखीला बधत नाही. आरटीओच्या पासिंगच्या ट्रॅकवर जे काही मिटवता येते ते तारखेपाशी मिटवता येत नाही. पण तारखेने ठरते ते एवढेच, की यापुढे चालवायची नाही. त्याआधी कधी थांबवायची, याविषयी ती गप्प असते. उलट, पंधरा ही मर्यादा आहे म्हटल्यावर तेच लक्ष्य होऊन बसते. बाराव्या वर्षी थकलेली बस ‘अजून तीन वर्षे आहेत की’ म्हणून ओढली जाते.

आता उद्यमनगरात चला. आयुक्तसाहेब बदलीने आलेले असतील तर त्यांनी एखादी सकाळ तिथे जरूर घालवावी. यंत्रमहर्षी म्हणून ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते त्या म्हादबा मेस्त्रींचे हे गाव. पाठ्यपुस्तकाआधी हाताने इंजिन शिकलेल्या माणसांची इथे परंपरा आहे. कोल्हापुरात ‘मिस्त्री’ नव्हे, ‘मेस्त्री’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना आवाज आपोआप थोडा खाली येतो. अशा एखाद्या मेस्त्रीपुढे जुनी गाडी उभी करा. तो आरसी बुक मागत नाही. आधी थंड इंजिन चालू करायला लावतो आणि मागे जाऊन धुराचा रंग बघतो. निळा असेल तर ऑइल खाते, रिंगा गेल्या. काळा असेल तर पंप-नोझल बघायला हवे. पांढरा बराच वेळ राहिला तर हेड गॅस्केटची शंका. मग ऑइलची काडी काढून बोटावर घेतो. चाकाच्या कमानीखाली हात घालून पत्रा चाचपतो. चॅसीवर हातोडीने टकटक करतो आणि आवाज ऐकतो. बद्द आवाज आला की मान हलवतो. वय तो सगळ्यात शेवटी विचारतो, तेही बहुधा चहा सांगून झाल्यावर.

“इंजिन काय, करता येतंय ओ. बॉडी सडली की मग काय राहिलं न्हाई,” हे वाक्य उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळेल. त्यात तथ्य आहे. इंजिनाचे भाग बदलण्यासाठीच बनवलेले असतात. लायनर, पिस्टन, रिंगा, बुश, बेअरिंग, क्लच प्लेट या झिजायच्या वस्तू, त्या झिजल्या की नव्या घालायच्या. आणि कोल्हापुराला हे वेगळे सांगायला नको, कारण यातल्या बऱ्याच वस्तू इथेच तयार होतात. मेनन पिस्टन्सचे पिस्टन, मेनन बेअरिंग्जची बुश-बेअरिंग, उचगावच्या घाटगे-पाटील इंडस्ट्रीजची ओतीव कामे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघणारे हजारो सुटे भाग. देशातल्या गाड्या कुठे आणि कशा झिजतात यावर या शहराची चूल पेटते. त्या शहराच्या बस कधी बदलायच्या, हे मात्र जन्मतारखेवर सोडायचे?

गाडीचे वय तिच्या कामावर असते. कोल्हापूर-पुणे महामार्गावर धावणारी बस वरच्या गिअरमध्ये तासन् तास एका लयीत जाते. गंगावेश ते राजारामपुरी करणारी बस जन्मभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. थांबा आला, ब्रेक. माणसे चढली, क्लच. पुढे रिक्षा आडवी आली, पुन्हा ब्रेक. दोघींच्या मीटरवर पाच लाख किलोमीटर दिसत असले तरी एकीचा क्लच आणि ब्रेक लायनिंग दुसरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा बदलून झालेले असते. शिवाय कोंडीत उभ्या बसचे इंजिन चालू असते, पण मीटर हलत नाही. ते तास कुणाच्या हिशेबात धरलेले नसतात, इंजिनाच्या मात्र असतात.

त्यात इथला पाऊस. पश्चिमेला गगनबावड्याच्या दिशेने गेलात की पावसाचे माप बदलते. त्या बाजूला रोज जाणाऱ्या गाडीचा पत्रा पूर्वेकडे फिरणाऱ्या गाडीच्या आधी कुजतो. आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांपलीकडे गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या दोन पुरांत दारातल्या किती गाड्या बुडाल्या ते शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या रहिवाशांना विचारा. पुरात बुडालेली दोन वर्षांची मोटार वायरिंगच्या दृष्टीने एका रात्रीत म्हातारी होते. विमा कंपनीजवळ अशा वेळी एक रोखठोक आकडा असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ती गाडी संपली असे धरतात. त्यात गाडीच्या जन्मसालाशी थेट संबंध नाही. प्रश्न एवढाच, की हिच्यावर खर्च करणे परवडते का.

घरोघरी हाच प्रश्न असतो, आणि घरोघरी तो चुकीच्या पद्धतीने सुटतो.

उदाहरणासाठी समजा, कुणी आठ लाखांची मोटार घेतली. दहा वर्षांत तिच्या दुरुस्तीवर तीन लाख गेले. पेट्रोल आणि विमा बाजूला ठेवू, विकून येणारी रक्कमही तूर्त सोडून देऊ. अकरा लाख भागिले दहा, म्हणजे गाडीने वर्षाला एक लाख दहा हजार खाल्ले. आता अकराव्या वर्षी मेस्त्री सांगतो, गिअरबॉक्स उघडावा लागेल, सगळे मिळून ५० हजार. घरातले म्हणतात, “गाडी विकली तर दीड लाख येत नाहीत आणि हिच्यावर पन्नास हजार घालायचे? त्यापेक्षा नवीनच घेऊ.” आणि सणाच्या आधी शोरूममध्ये जातात. तुलना इथेच फसली. पन्नास हजारांची तुलना जुन्या गाडीच्या विक्रीशी करायची नसते, नव्या गाडीच्या वर्षाच्या हप्त्यांशी करायची असते. पुढच्या एका वर्षाचा खर्च जोवर आजवरच्या वार्षिक सरासरीच्या आत आहे, तोवर जुनी गाडी चालवणे स्वस्त पडते. तो सरासरीच्या वर जायला लागला की मात्र एक दिवसही थांबू नये.

याच्या उलट चूक करणारेही कमी नाहीत. “आत्ताच टायर टाकलेत.” “आत्ताच इंजिन केलंय.” “गेल्या महिन्यात तर डेंटिंग-पेंटिंग केलं.” टायर गेले ते गेले, त्यांचे पैसे आता गाडी ठेवली काय नि विकली काय परत येणार नाहीत. पण माणूस त्या टायरांचे पैसे वसूल व्हावेत म्हणून आणखी दोन वर्षे गाडी ठेवतो आणि तेवढ्यात क्लच, रेडिएटर आणि एसी यांच्यावर टायरांच्या तिप्पट घालवतो. चेतक स्कूटर तिरकी करून किक मारण्यात गेलेल्या सकाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही माया पटकन कळेल. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरवणारे आपले गाव, इथे गाडीवर जीव जडणे नवल नाही. आपल्या गाडीवर जडला तर खर्च आपल्या खिशातून जातो, हरकत नाही. बसचे तसे नसते.

१ ऑक्टोबर २०१७. पापाची तिकटी. ताबुतांच्या मिरवणुकीत केएमटीची बस घुसली आणि दोन माणसांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचे त्या वेळी सांगितले गेले. त्यानंतर जमाव भडकला, बसवर दगड पडले. पुढचे काही दिवस शहरात चर्चा होती ती बस किती जुनी होती याची. हे पत्र त्या अपघाताचा दोष कुणाच्या माथी मारायला लिहिलेले नाही, त्याच्या चौकश्या करणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आहेत. पण त्या चर्चेतला प्रश्न तेवढा नीट मांडायला हवा. ब्रेक बसची जन्मतारीख बघून निकामी होत नाहीत. लायनिंग किती उरले, हवेचा दाब टिकतो का, पाइप कुठे घासतो, गेल्या तपासणीत चालकाने काय लिहून दिले आणि त्याचे पुढे काय झाले, यावर ते अवलंबून असतात. दहा वर्षांची बस व्यवस्थित ठेवली तर जागच्या जागी थांबते. तीन वर्षांची दुर्लक्षित बस थांबत नाही. वय वाढते तसे लक्ष जास्त द्यावे लागते, आणि ते देण्याइतके हात, सुटे भाग आणि वेळ जेव्हा कार्यशाळेत उरत नाहीत, तो दिवस बस बदलण्याचा. मग ती आठव्या वर्षी असो की चौदाव्या.

तो दिवस ओळखायचा कसा? बस चालवणाऱ्या उपक्रमांना यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. दर दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन, एका लिटरला किती किलोमीटर, हजार किलोमीटरला किती ऑइल, सुट्या भागांचा प्रतिकिलोमीटर खर्च, ही मापे देशभर वापरली जातात. पुण्याची केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था १९६७ पासून हेच शास्त्र शिकवते. पण ही मापे बहुतेक वेळा सगळ्या ताफ्याची मिळून काढली जातात. सरासरीत चांगली बस वाईट बसची लाज झाकते. मापे एकेका बसची हवीत. तिच्या क्रमांकासमोर, महिन्याच्या महिन्याला.

एकेका बसचा आलेख समोर ठेवला की काय दिसते? सुरुवातीला खर्च कमी असतो. मग टायर-बॅटरी-क्लचची वळणे येतात. मध्येच इंजिनाचे मोठे काम निघते आणि रेघ एकदम चढते, नंतर उतरते. त्या चढाला घाबरून बस मोडीत काढू नये, कारण इंजिन केलेली बस पुढे दोन-तीन वर्षे नीट चालते. घाबरायचे ते चढानंतर रेघ खाली येत नाही तेव्हा. आज सेल्फ, उद्या अल्टरनेटर, परवा पाटा, तेरवा एअर कॉम्प्रेसर. एकही बिल मोठे नाही, मंजुरी कुठल्याही टेबलावर सहज होते, आणि वर्षाअखेरीस त्या चिल्लर बिलांची बेरीज इंजिनाच्या कामापेक्षा मोठी. जुन्या गाडीचा शेवट असाच येतो.

आणखी एक खर्च बिलात दिसत नाही. बंद पडलेल्या बसची रद्द झालेली फेरी. सकाळी साडेनऊची बस आली नाही म्हणून रिक्षा करून गेलेला माणूस दुसऱ्या महिन्यात हप्त्यावर दुचाकी घेतो. तो पुन्हा थांब्यावर दिसत नाही. जुन्या बसचा खरा तोटा मोजायचा तर या माणसालाही मोजायला हवे.

कुठल्याही डेपोत एक-दोन बस कोपऱ्यात उभ्या असतात. टायर नाहीत, काच नाही, आतल्या सीटही उचललेल्या. चालणाऱ्या बसना त्यांचा सेल्फ, त्यांचा गिअरबॉक्स, त्यांची दारे लागलेली असतात. मेस्त्रीच्या दृष्टीने हे शहाणपण आहे, भाग मिळत नाही तेव्हा दुसरे काय करणार. पण ताफ्याच्या आकड्यात ती बस अजून जिवंत असते, आणि नवीन बसच्या मागणीच्या फायलीत तिच्यामुळे एक आकडा कमी लागतो. अशी बस कागदावरूनही उतरवली पाहिजे, आणि लवकर.

पैशांचे काय, हा प्रश्न आलाच. नवी बस घ्यायला पैसे नसतात म्हणून जुनी चालवतात, हे कुणालाही ठाऊक आहे. पण पैसे का नसतात याचे एक कारण हिशेबाच्या वहीतच सापडते. त्याचे नाव घसारा. भाड्याने चालणाऱ्या बसवर प्राप्तिकर कायदा वर्षाला ३० टक्के घसारा धरू देतो, साध्या मोटारीवर १५. म्हणजे पन्नास लाखांच्या बसची कागदावरची किंमत पाच वर्षांत साडेआठ लाखांच्या खाली येते, आणि पंधराव्या वर्षी चोवीस हजारही उरत नाही. खासगी ट्रॅव्हल्सवाला हे चांगले ओळखतो. कागदावरची किंमत उतरली तरी बाजारात बसला भाव मिळतो तेवढ्यात ती विकून तो नवी घेतो. सार्वजनिक उपक्रमात घसारा वहीत पडतो, पण त्याच्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात पडत नाही. ताळेबंद झिजलेली बस दाखवतो आणि तिजोरी रिकामी. मग नवी बस केव्हा येते? कुठली तरी योजना येते तेव्हा. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात बस आल्या, त्या एकदम आल्या. एकदम आलेल्या बस एकदम म्हाताऱ्या होतात. दरवर्षी ताफ्याच्या दहाव्या-बाराव्या भागाएवढ्या बस बदलत राहिले असते तर कार्यशाळेलाही श्वास घेता आला असता.

बस बदलण्याबाबत एसटीने काही काळ वेगळी वाट धरली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर या मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या या महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे स्वतःच्या कार्यशाळा आहेत. तिथे ॲल्युमिनियमच्या जुन्या बॉड्या उतरवून त्याच चॅसीवर पोलादी बॉड्या चढवल्या गेल्या. उद्यमनगराच्या ‘इंजिन करता येतंय, बॉडी सडली की संपलं’ या सिद्धांताला हे सरकारी उत्तर. बॉडीही करता येते, चॅसी खणखणीत असली तर. तरीही जुन्या चॅसीवरचा नवा रंग प्रवाशाला फसवतो, हे त्या बसमधून घाट चढलेले लोक सांगतील.

आता केंद्राची पीएम ई-बस सेवा. १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, देशभरासाठी दहा हजार विजेच्या बस आणि ५७,६१३ कोटी रुपयांचा एकूण अंदाज. कोल्हापूरच्या वाट्याला शंभर बस मंजूर झाल्या. हवेच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांत कोल्हापूरचे नाव आहेच. पण बस कधी बदलायची या प्रश्नाचा या योजनेत पत्ताच बदलतो. बस ठेकेदाराची, महापालिका त्याला किलोमीटरमागे पैसे देणार. म्हणजे बस थकली हे ठरवण्याचा अधिकार आणि त्यामागचा हिशेब दोन्ही केएमटीच्या शास्त्रीनगरच्या कार्यशाळेतून उठून एका करारात जाऊन बसतात. तो करार कोण वाचणार? २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षे प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते.

विजेच्या बसचे म्हातारपण धुराच्या रंगावरून कळत नाही. तिथे मेस्त्रीचे बोट ऑइलच्या काडीवर जाणार नाही, काडीच नाही. तिची बॅटरी हळूहळू आटते. मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास ती आली की बदलायचा विचार सुरू करतात. त्याआधी वेळापत्रक कुरकुरू लागते. दोन फेऱ्यांनी चार्जिंगला जाणारी बस दीड फेरीने जाऊ लागते, आणि थांब्यावरचे प्रवासी म्हणतात, ‘नवीन बस आली तरी तेच.’ बॅटरीची उरलेली क्षमता दर सहा महिन्यांनी कोण मोजणार, कुठल्या आकड्याला ती कुणाच्या खर्चाने बदलणार, हे करारात स्पष्ट असावे आणि ते लोकांना वाचता यावे. बस आल्यावर हार घालायला मान्यवर पुष्कळ मिळतील.

मोडीत काढलेल्या बसचे पुढे काय होते, याविषयी थोडे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे, खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. तिथे बसचे ऑइल, बॅटरी, रबर, काच वेगळे होते आणि उरते पोलाद. पोलादाच्या भंगाराचे एक गिऱ्हाईक कोण? फाउंड्री. भट्टीत पिग आयर्नबरोबर पोलादी भंगार पडते, कार्बन घालून त्याचे बीड होते, आणि त्यातून हाउसिंग, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम ओतले जातात. शिरोलीतल्या एखाद्या भट्टीत अशाच कुठल्या तरी जुन्या बसचे पोलाद वितळत असेल आणि तिचा ब्रेक ड्रम होऊन तो नव्या बसखाली लागत असेल. डेपोच्या कोपऱ्यात गंजत उभी असलेली बस मात्र यातले काहीच होत नाही. पावसाळ्यागणिक तिचा भाव उतरतो आणि तिच्याखाली डास होतात.

या पत्राची मागणी फार मोठी नाही. शंभर कोटींची तर मुळीच नाही.

प्रत्येक बसचा एक कागद असावा. बस क्रमांक, रस्त्यावर आल्याची तारीख, एकूण किलोमीटर, गेल्या बारा महिन्यांत किलोमीटरमागे दुरुस्तीला किती गेले, किती वेळा वाटेत बंद पडली, किती फेऱ्या रद्द झाल्या, ब्रेक शेवटचे कधी उघडले. पुरात उभी होती का, तेही लिहावे. खाली दोन सह्या, एक कार्यशाळेच्या प्रमुखाची आणि एक त्या मेस्त्रीची, ज्याने तिच्याखाली झोपून काम केले आहे. दुसरी सही पहिलीएवढीच महत्त्वाची मानावी. मेस्त्रीने ‘हिच्यात आता काय राहिलं न्हाई’ असे लिहिले, तर ती बस मार्गावर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याने आपले कारण त्याच कागदावर, आपल्या नावाने लिहावे. हा कागद महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा आणि एक प्रत बसमध्ये, कंडक्टरच्या सीटमागे, जिथे आज आगीच्या सिलिंडरची सूचना असते तिथे लावावी. लोक वाचतील. कोल्हापुरात लोक थांब्यावर उभ्या उभ्या फुटबॉलच्या तालमींचे दहा वर्षांचे निकाल सांगतात, त्यांना बसचे आकडे जड जाणार नाहीत.

आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात घसाऱ्याएवढी नाही तरी त्याच्या काही हिश्श्याएवढी रक्कम बसबदलासाठी वेगळी ठेवावी. पहिल्या वर्षी त्यातून दोनच बस आल्या तरी चालतील. त्या दोन कुठल्या बसच्या जागी येणार, ते कागदांचा गठ्ठा दुरुस्तीच्या खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावला की वरच्या दोन कागदांवर दिसेल.

खंडेनवमीला कार्यशाळेत पान्यांची, जॅकची, लेथची पूजा होते, बस धुऊन ओळीने लावतात. त्या सकाळी आयुक्तांनी यावे. नारळ फोडून झाला, पेढा खाऊन झाला, की ओळीतल्या शेवटच्या बसजवळ जाऊन तिथल्या मेस्त्रीला विचारावे, “हिचं काय करायचं?” आणि तो काय म्हणतो ते सोबतच्या अधिकाऱ्याला जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगावे.

कळावे,
केएमटीचा एक जुना पासधारक
मंगळवार पेठ, कोल्हापूर